चार हजार दोनशे टन चिमटे

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा नमस्कार. कंबर धरली असल्यामुळे आठ अंगांपैकी पाचच जमिनीला टेकली. राहिलेल्या तीन अंगांची माफी असावी. (ही कंबर साध्यासुध्या कामात धरलेली नाही, देशासाठी धरली आहे. कशी ते पुढे लिहिते.)

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा खोकला गेला, पण खोकल्याबद्दल बोलायची सवय राहिली. तुमच्या गुडघ्याचं काय? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावल्यापासून तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली उतरणंच बंद केलंत, म्हणजे चढायचा प्रश्नच मिटला, असं मागच्या पत्रात होतं. हा उपाय मी ऑफिसात सांगितला तेव्हा तो सगळ्यांना पटला. आमच्या ऑफिसात असले उपाय पटकन पटतात, आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. त्यांना हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, आणि मी जिथे मूर्ख दिसते तिथे जरा भरभर वाचा.

आमच्या देशाबद्दल नदीपलीकडे तुमच्या वर्तमानपत्रांत गेल्या दोन महिन्यांत बरंच काही छापून आलं असेल. चलन कसं उसळलं, मग कसं आपटलं, वगैरे. तज्ज्ञांनी त्याची कारणंही दिली असतील: व्याजदर, तेलाचे भाव, जागतिक परिस्थिती. मामा, त्यातलं एकही खरं नाही. चलन उसळलं ते मला सर्दी झाली होती म्हणून.

मी नोकरीत नेमकं काय करते ते तुम्हाला कधी कळलं नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. आईला तर अजून वाटतं की मी बंदरावर उभी राहून पेट्या मोजते. मी पेट्या मोजत नाही. पेट्या दुसरं कुणीतरी मोजतं, ते कागदावर लिहितं, तो कागद चार टेबलांवर विश्रांती घेत घेत आमच्या निर्यात आकडेवारी विभागात येतो, आणि मग तिसऱ्या मजल्यावर, जिची खिडकी रंगाने कायमची चिकटली आहे अशा खोलीत बसून, महिनाभरात देशातून काय काय बाहेर गेलं ते आम्ही तक्त्यात भरतो. ‘लाकूड आणि लाकडी वस्तू’ हे प्रकरण सतरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यातली सगळ्यात शेवटची ओळ कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची. (दारं, खिडक्या, फळ्या, चमचे, आणि मग चिमटे.) चिमटे बाहेर पाठवणारा माणूस देशात एकच. बस डेपोच्या मागे त्याचं तीन खोल्यांचं वर्कशॉप आहे, त्यात तो, त्याची बायको आणि त्या दोघांपेक्षा वयाने मोठं असलेलं एक यंत्र. दर महिन्याला तो नदीपलीकडे, तुमच्याच देशातल्या एका दुकानदाराला चार हजारांच्या आसपास डझन चिमटे पाठवतो. डझनाचं वजन साठ ग्रॅम. म्हणजे सगळा माल मिळून दोन जाड माणसं आणि एक बारीक, एवढंच वजन. या ओळीकडे सतरा वर्षांत माझ्याशिवाय कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि मीही आपुलकीने पाहत होते असं नाही.

तर त्या महिन्यात चार हजार दोनशे डझन गेले होते. आमच्या संगणकावर मापाचा एक रकाना असतो आणि एकच कळ दाबत राहिलं की त्यात मापं ओळीने बदलतात: नग, डझन, किलो, टन. मी डझनापर्यंत आले, कळीवर बोट तसंच होतं, आणि मला शिंक आली. एक नव्हे, दोन. पहिल्या शिंकेला किलो झाले, दुसरीला टन. मी नाक पुसलं आणि कागद पुढे पाठवला. पुढचं काम यंत्राने केलं. त्याने टनांचे परत डझन केले, ते सात कोटी भरले, सात कोटींना भावाने गुणलं आणि ती रक्कम देशाच्या एकूण निर्यातीत मिळवून टाकली. यंत्राला कधी शंका येत नाही. माणसाला येते, पण आमच्या विभागात शंकेसाठी वेगळा रकाना नाही.

आमचे मोठे साहेब दर महिन्याच्या पाच तारखेला वार्ताहरांसमोर हा तक्ता वाचून दाखवतात. बाहेर गेलेल्या मालातून आत आलेला माल वजा केला की उरतं ते व्यापाराचं अंतर, आणि आमच्याकडे ते अकरा वर्षं वजाच येत आलेलं आहे. अकरा वर्षं दर महिन्याला ‘वजा’ म्हणून म्हणून साहेबांचा आवाजच उतरता झाला होता. ते ‘नमस्कार’सुद्धा दुखवट्याला आल्यासारखं म्हणत. ऑफिसात त्यांना वजासाहेब म्हणतात. (तोंडावर नाही.) त्या दिवशी त्यांनी कागद उचलला, घसा खाकरला, ‘व’ म्हणाले आणि थांबले. कागद उलटा धरून पाहिला. चष्मा पुसला. मग अधिकचा आकडा असा काही वाचला, जणू कुणी त्यांच्या मांडीवर तान्हं बाळ ठेवलंय आणि ते घसरेल की काय अशी भीती आहे.

दुपारपर्यंत आपलं चलन वर चढायला लागलं. याचं साधं गणित असं की बाहेरच्यांना आपला माल जास्त हवा असेल तर आपलं चलनही जास्त हवं, आणि ज्याला मागणी त्याचा भाव वाढतो, मग तो बटाटा असो की देशाचं चलन. आमच्या कोपऱ्यावर चलन बदलून देणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या दिव्यांच्या फलकावरचे आकडे मिनिटामिनिटाला बदलत होते आणि लोक रस्त्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. देश वर येतोय, आपला हातभार आहे, असं वाटून ऊर भरून आला. हातभार किती होता हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, व्यापारमंत्र्यांच्या हसऱ्या फोटोखाली, ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘लाकडी चिमट्यांनी देश सावरला’.

मामा, माझ्या हातातला कप तसाच राहिला. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी ओळ वाचली होती.

मी धावत ऑफिसात गेले. साहेब आरशासमोर उभे राहून ‘अधिक’ हा शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणून बघत होते. मी सगळं सांगितलं, शिंकांसकट. त्यांनी शांतपणे दार लावलं.

“बाई, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही.”

“सांगितलं ना साहेब, आत्ताच.”

“आकडा जाहीर व्हायच्या आधी सांगितलं असतं तर चूक तुमची असती. जाहीर झाल्यावर तो आकडा देशाचा. देशाची चूक काढणाऱ्या तुम्ही कोण?”

मग जरा नरमून त्यांनी समजावलं की नियमाप्रमाणे दुरुस्ती करता येते, पण तीन महिन्यांनी, सुधारित अंदाजात, तळटीप म्हणून, बारीक टाइपात. तोवर मूग गिळून बसायचं. मी बसले. तुम्ही म्हणाल, इतकी कशी गं भित्री? मामा, तेव्हा भीती नव्हती, मोह होता. मंत्र्यांकडून आमच्या विभागाला पुष्पगुच्छ आला होता आणि त्यावर ‘लाकूड’ असं माझ्या प्रकरणाचं नाव होतं. आयुष्यात मला आलेला पहिला पुष्पगुच्छ. तो घरी आणला तेव्हा आईने विचारलं, कुणी दिला? मी म्हटलं, सरकारने. ती म्हणाली, अगं, मग पाणी तरी सरकारच्या नळाचं नको घालूस, दिवसभर टिकायचा नाही.

पहिला चिमटा बसला तो आमच्याच जिन्यात. तळमजल्यावरच्या काकू तुम्हाला आठवत नसतील, तुम्ही गेल्यानंतर राहायला आल्या. एकट्याच असतात. मुलगी परदेशात इस्पितळात नर्स आहे, दर महिन्याला तिकडच्या चलनात ठरलेली रक्कम पाठवते आणि काकू ती बँकेत आपल्या चलनात बदलून घेतात. काकूंना कवळी करायची होती. दंतवैद्याला भाव विचारून, महिन्यामहिन्याला थोडे बाजूला ठेवून, या महिन्यात बरोबर पुरतील असा त्यांचा हिशेब होता. आणि नेमकं आपलं चलन चढलं! तिकडून पोरीने पाठवले तितकेच, पण हातात आले पाऊणपट. काकू जिन्यात मला अडवून बिनदातांच्या तोंडाने म्हणाल्या, “तू त्याच खात्यातली ना गं? कुणी मेल्याने चढवलं हे? देश वर गेला म्हणतात, मग मी कशी खाली आले?”

या प्रश्नाचं उत्तर मोठमोठ्या पुस्तकांत दिलेलं आहे, काकू, म्हणून मी सुरुवात केली, पण पुस्तकातलं एकही वाक्य जिन्यात उभं राहून बिनदातांच्या माणसाला सांगण्यासारखं नसतं. मी म्हटलं, चौकशी करते. त्यांनी मला आशीर्वाद दिला. तो आशीर्वाद मला दिवसभर पचला नाही.

इकडे वेगळंच लचांड उभं राहिलं. आपल्याला कर्ज देणाऱ्या बाहेरच्या संस्थांनी ठरवलं की हा चिमट्यांचा चमत्कार प्रत्यक्ष पाहावा, आणि देशाची पत किती वाढवायची ते त्यावरून ठरवावं. तीन पाहुणे येणार, पाच दिवसांनी. मंत्र्यांच्या कचेरीतून विचारणा झाली की महिन्याला सात कोटी डझन काढणारा कारखाना कुठे आहे? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बस डेपोच्या मागे.

चिमटेवाल्याला तोवर वार्ताहरांनी वेडं केलं होतं. उरलेले चौऱ्याऐंशी कोटी चिमटे कुठे लपवलेत असं एकाने त्याच्या पलंगाखाली वाकून विचारलं होतं. साहेबांनी त्याला सांगितलं की चार दिवस तुमचं वर्कशॉप देशाला द्या. तो म्हणाला, द्यायला हरकत नाही, पण देश मावेल का? मग आमच्या विभागातल्या चाळीस जणांना निळे डगले वाटले गेले. कामगार म्हणून. फलक रंगवला: ‘कारखाना क्रमांक सात’. (एक ते सहा कुठे आहेत असं कुणी विचारलं तर गुप्त आहेत म्हणायचं.) चाळीस कारकून तीन खोल्यांत, वीतभर उंचीच्या स्टुलांवर, गुडघे कानाला लावून बसलो. कंबर गेली ती तिथे. चिमटा म्हणजे मामा, दोन लाकडी पट्ट्या आणि मधे एक तारेची स्प्रिंग, एवढंच. पण ती स्प्रिंग बसवताना लक्षात येतं की सतरा वर्षं आपण ज्याला एक ओळ समजत होतो ती वस्तू चावते. साहेबांचा अंगठा पहिल्याच तासात चावला गेला. आमचा वेग तासाला माणशी दोन-तीन, तेही तिरके. सवयीप्रमाणे आम्ही त्याचा तक्ता केला, सरासरी काढली, एकाने आलेखही काढला. चिमटेवाल्याची बायको एकटी तासाला तीनशे करत होती. तिने आलेखाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली. हसत होती की रडत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाहुणे आले. एक उंच, एक त्याहून उंच, आणि एक बाई, जिच्या हातात वही होती. बाकीचे दोघे फलक बघून खूश झाले. बाई मात्र माझ्या स्टुलापाशी थांबली आणि दुभाष्यामार्फत तिने विचारलं की तुमचा माल ज्या देशात जातो तिथे माणसं दीड कोटी, म्हणजे एका महिन्यात माणशी छप्पन्न चिमटे. इतके चिमटे ते लोक करतात काय? साहेबांनी डोळे मिटले. आणि मामा, कोणत्या दुर्बुद्धीने कोण जाणे, मी म्हणाले, “तिकडे वारा फार आहे.”

दुभाष्याने ते सांगितलं. बाईने मान हलवली आणि वहीत लिहिलं. एका आठवड्यात आपल्या देशाची पत दोन पायऱ्या चढली, चलन आणखी वर गेलं, आणि अहवालात म्हणे एक आख्खं प्रकरण वाऱ्यावर आहे.

यानंतर चार-पाच दिवसांनी चिमटेवाला स्वतः तिसऱ्या मजल्यावर आला. डोक्यावर पोतं. ते त्याने माझ्या टेबलाशेजारी ठेवलं आणि उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. परदेशातल्या दुकानदाराचं पत्र आलं होतं: तुमचं चलन महागलं, त्यामुळे तुमचे चिमटे आम्हाला दीडपट पडतात, या किमतीत प्लॅस्टिकचे येतात, तेव्हा या महिन्यापासून माल पाठवू नये. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते. तयार झालेला सगळा माल तसाच पडून होता. पोत्यात नमुन्याला आणलेले थोडे होते. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“बाई, मला शिक्षण कमी आहे,” तो म्हणाला. “पेपरात म्हणतात मी सात कोटी डझन पाठवले. दुकानदार म्हणतो, एकही पाठवू नको. मग तुमच्या कागदावर मी आता किती आहे?”

मी कागद काढून पाहिला. सवयीने. कागदावर तो अजून सात कोटी डझन होता, नव्या तक्त्यातही साहेबांनी तोच आकडा ठेवायला लावला होता. मी म्हटलं, चहा घ्या. तो म्हणाला, नको, यंत्र चालू ठेवून आलोय, बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. आणि गेला. पोतं तिथेच विसरला.

ही गोष्ट महिन्याच्या चार तारखेची. दुसऱ्या दिवशी साहेब नवा तक्ता वाचणार होते. मी घरी आले, जिन्यात काकू भेटल्या, चौकशी केलीस का म्हणाल्या. मी म्हटलं, केली, उद्या निकाल आहे. मग आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला वाटलं ती नोकरीची काळजी करेल. तिने एवढंच विचारलं, “शिंकताना तोंडावर रुमाल धरला होतास का?” नव्हता म्हटल्यावर म्हणाली, मग भोग.

पाच तारखेला सभागृह गच्च भरलेलं होतं. मंत्री स्वतः आले होते. साहेबांनी नवा कोट शिवला होता आणि ‘अधिक’ म्हणण्यासाठी सकाळपासून घशाला मध लावत होते. त्यांनी कागद उचलायच्या आत मी कोपऱ्यातून उभी राहिले. आवाज निघाला तो थेट शाळेत चूक कबूल करतानाचा.

“साहेब, ते टन नव्हते. डझन होते. मला शिंक आली होती.”

कुणी हसलं. मंत्री माझ्याकडे प्रेमाने पाहून म्हणाले, “बघा, आमचे कर्मचारी किती विनम्र आहेत!” टाळ्या पडल्या. मामा, खरं बोलून टाळ्या मिळाल्यासारखी फजिती दुसरी नाही. मी परत सांगितलं. परत टाळ्या. शेवटी मी सोबत आणलेलं चिमटेवाल्याचं पोतं उचलून टेबलावर पालथं केलं आणि म्हटलं, “चार हजार दोनशे टनांतले एवढेच आहेत. बाकीचे अजून कुणी बनवलेलेच नाहीत.”

आता सभागृहात चिमटे घरंगळत खाली पडत होते तेवढाच आवाज. एका म्हाताऱ्या वार्ताहराने विचारलं, “बाई, निदान ते चार हजार दोनशे डझन तरी खरे ना?”

“गेल्या महिन्यात खरे होते. या महिन्यात शून्य. आपलं चलन इतकं चढलं की ते परवडेनात.”

तो म्हातारा लिहायचं थांबला आणि खो खो हसत सुटला. मग सगळे टेलिफोनकडे धावले. मंत्री मागच्या दाराने गेले. साहेब तेवढे जागच्या जागी उभे होते. त्यांनी नवा कागद हातात घेतला, खिशातल्या पेनाने त्यातले सगळे चिमटे खोडले, उभ्या उभ्या बेरीज-वजाबाकी केली आणि रिकाम्या होत चाललेल्या सभागृहाला तक्ता वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर आले आणि ‘वजा’ म्हणाले. आवाज इतका मोकळा लागला की मी चमकून पाहिलं. नंतर जिन्यात मला म्हणाले, “महिनाभर अधिक अधिक करून घसा बसला होता हो. आपला सूर आपलाच बरा.” मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त बदलीच्या हुकुमावर सही केली.

चलन त्या दुपारी जे कोसळलं ते पहिल्या जागी थांबलंच नाही, आणखी खाली गेलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फलक बंद करून त्यावर कापड टाकलं. मला वाटलं, आता माझ्या नावाने दगड पडणार. पडले दोन. (एक खालच्या घराच्या खिडकीला लागला, त्यांची मी माफी मागून आले.) पण तिसऱ्या दिवशी काकू बँकेतून आल्या त्या हसतच. मुलीच्या पैशांचे दीडपट झाले होते. कवळी झाली, मामा! आता त्या जिन्यात मला अडवून जे बोलतात त्यातला शब्द न् शब्द कळतो, आणि पूर्वीचंच बरं होतं असं कधी कधी वाटतं. चिमटेवाल्याला दुकानदाराचं पत्र आलं की तुमचे चिमटे आता प्लॅस्टिकहून स्वस्त पडतात, तेव्हा सहा हजार डझन पाठवा. त्याने ते पत्र काचेत लावलंय. महाग झाली ती बाहेरून येणारी औषधं, तेल आणि आमच्या साहेबांच्या कोटाचं अस्तर. म्हणजे चलन वर गेलं तरी कुणीतरी रडतं आणि खाली आलं तरी कुणीतरी. सतरा वर्षं आकडे भरून जे कळलं नाही ते दोन शिंकांत कळलं.

माझी बदली वजनं-मापं तपासणी खात्यात झाली आहे. तळमजला, खिडकी उघडते. हुकुमात लिहिलंय: ‘टन म्हणजे किती याची प्रत्यक्ष जाणीव व्हावी म्हणून.’ पहिल्या दिवशी वीस किलोचं वजन उचलायला लावलं, आणि कंबरेचं राहिलेलं काम तिथे पूर्ण झालं. एकूण मी सुखात आहे. तुमची प्रकृती सांभाळा, मामींना नमस्कार, आणि या पत्रातला मजकूर बाहेर कुणाला सांगू नका. विशेषतः वाऱ्याचं.

तुमची भाची

ता. क. – तुमच्याकडे खरंच वारा असतो का?

ता. क. २ – एक छोटंसं काम होतं, लिहायचं राहूनच गेलं. आम्ही चाळीस जणांनी चार दिवसांत केलेले चिमटे शिल्लक आहेत. नग तीन हजार एकशे सोळा, बहुतेक तिरके. ते सरकारदरबारी ‘निर्यातीसाठी’ म्हणून नोंदले गेल्याने देशात विकता येत नाहीत, फुकट देता येत नाहीत, फेकता तर मुळीच येत नाहीत. तिरके म्हणून बाहेर घेणारं कुणी नाही. सीमेपलीकडे राहणारे माझ्या ओळखीचे तुम्ही एकटेच. तेव्हा मी घेणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आणि पत्ता घातला आहे. पंधरा-सोळा किलोचं एकच पोतं आहे, पण ट्रकाखेरीज दुसऱ्या वाहनाची नोंद करायला सीमेवरच्या फॉर्मात जागा नाही, म्हणून ट्रक येईल. गुरुवारी सकाळी. घाबरू नये. पावतीवर सही करताना ‘नग’ लिहावं. डझन लिहू नये, आणि सर्दी असेल तर सही मामींना करू द्यावी.

ता. क. ३ – चिमटे परत पाठवू नयेत. परत आले की ती आयात होते, आणि आयातीचा तक्ता ज्या बाईंकडे आहे त्यांना सध्या खोकला आहे.

ता. क. ४ – चि. भाऊ, ही पाकीट आणायला खाली गेली आहे तोवर मी चार ओळी लिहिते. ट्रक एवढा मोठा आणि पोतं एवढंसं, बाकीचा ट्रक काय वारा भरून नेणार? चालवणारा माणूस भला आहे, मी बोलून ठेवलंय. माझं कपाट, शिलाईचं मशीन, दोन गाद्या आणि मी, सगळं मावतं. त्याने कागदावर मला ‘इतर लाकडी वस्तू’मध्ये घातलं आहे, त्याला म्हटलं, चालेल, गुडघे तसेच झालेत. हिला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर तक्ता करत बसेल. तुला बघून नऊ वर्षं झाली. किती दिवस राहणार ते विचारू नकोस, आकडा एकदा जाहीर केला की मग तो पाळावा लागतो. गुरुवारी त्या वरच्या मजल्यावरून जरा खाली उतर. आधी मला उतरवून घे, चिमटे मागाहून मोज.